गॅस पुन्हा भरण्याआधी मुदत मोजा

इंदूरच्या सुदामानगरातून एका ताईंनी लिहिलंय. एप्रिल २०२४मध्ये स्प्लिट एसी घेतला, दुकानदारानं पाठवलेल्या माणसानं बसवला आणि जूनमध्येच खोली गार होईना. तेव्हापासून तोच माणूस पैसे घेऊन गॅस भरून जातो. कंपनी म्हणते, पाइपाची जोडणी सदोष आहे, आमचा संबंध नाही. दुकानदार म्हणतो, कंपनीला विचारा. आता केस करता येईल का? उन्हाळा आला की अशी पत्रं येतातच.

ताई, करता येईल, पण जून २०२६च्या आत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम ६९नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. शेवटचा गॅस मागच्या महिन्यात भरला म्हणून मुदत तिथून मोजायची, असं तुम्ही धरून चालला आहात. समोरचा वकील पहिल्या बिघाडाच्या तारखेवर बोट ठेवेल. फोन केले, ईमेल पाठवले, ‘उद्या माणूस पाठवतो’ असं ऐकत राहिलात, यानं मुदत वाढत नाही. उशीर माफ करायची सोय त्याच कलमात आहे, पण त्यासाठी ग्राहक आयोगाला पटेल असं कारण लागतं. दुकानदारावर विश्वास ठेवला, एवढ्यावर भागेल अशी आशा धरू नका.

एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांतच फिरतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. गळती न शोधता नुसता गॅस भरत राहणं ही सेवेतली त्रुटी आहे, आणि तुमच्या तक्रारीचा गाभा तोच. बाहेरच्या युनिटवर तांब्याची नळी जिथे पितळी नटाने जोडली आहे तिथे पाहा. गॅसबरोबर तेलही झिरपतं, त्यामुळे गळत असेल तर नट बहुधा तेलकट दिसेल, त्यावर धूळ चिकटलेली असेल. कुणी पाना लावण्याआधी फोटो काढा. मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या माणसाकडून साबणाच्या पाण्यानं तपासून घ्या आणि बुडबुडे कुठे आले ते जॉबशीटवर, म्हणजे त्याच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहून घ्या.

बसवण्याचे पैसे रोख दिलेत, पावती नाही. एवढी महागडी वस्तू घेताना पावती मागायला संकोच कसला? गॅसचे पैसे यूपीआयनं गेलेत, तेव्हा बँकेचा उतारा काढा. दुकानदारानं मेकॅनिकचा नंबर पाठवला तो व्हॉट्सअॅप संदेश तर जपूनच ठेवा; त्या माणसाला दुकानाशी जोडणारा तोच दुवा आहे. त्या संदेशाच्या प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारा दाखला, जोडा.

दुकानदार, मेकॅनिक आणि कंपनी, तिघांनाही पक्षकार करा. कंपनीवर किती जबाबदारी येईल, हे वॉरंटी कार्ड वाचल्याशिवाय ठाम सांगता येणार नाही. भरपाईच्या आकड्याचंही तसंच. तुम्ही इंदूरला राहता, म्हणून तक्रार इंदूरच्या जिल्हा आयोगात चालेल. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असल्यानं फी नाही. नोटीस पाठवायची तर पाठवा, पण ती सक्तीची नाही, तिच्या उत्तरासाठी थांबू नका. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात माणसं तारखांना हेलपाटे घालत राहतात, आणि हा तक्रारदारावर अन्याय आहे.

तोवर उकाडा सोसणार नसेल तर जोडणी नवी करून घ्या, पण फोटो आणि जॉबशीट हातात आल्यावरच. जुना नट आणि कापलेलं नळीचं टोक मेकॅनिकला नेऊ देऊ नका.