समुद्रात सुटलेली जाळी: वाचकांचे प्रश्न

मागच्या लेखात मालवणच्या किनाऱ्यावर पडलेल्या जाळ्यांबद्दल दोनच ओळी लिहिल्या होत्या, तर प्रश्नांची रांग लागली. गगनबावडा उतरून खाली जाणारे कोल्हापूरकर किती आहेत ते बघता नवल नाही. त्यातले पाच प्रश्न घेतो.

हरवलेली जाळी मासे मारतच राहतात म्हणे. ओढणारा कुणी नसताना जाळं काम कसं करेल? (शिवाजी पेठ)

मालक लागतो तो जाळं ओढायला. मासा अडकायला मालकाची गरज नसते. गिलनेट म्हणजे पाण्यात उभी केलेली भिंत. वरच्या दोराला तरंगणारी बोयरी, खालच्या दोराला शिसं. धागा दिसत नाही, मासा डोकं घालतो आणि कल्ल्यामागे फास बसतो. जाळं सुटून गेलं तरी शिसं खाली ओढतंच, बोयरी वर धरतातच. अडकलेल्या माशांच्या वजनानं जाळं बसतं, ते मासे खायला खेकडे येतात आणि तेही गुरफटतात. सगळं कुजून वजन उतरलं की जाळं पुन्हा थोडं उभं राहतं. उथळ, लाटांच्या पाण्यात शेवाळ चढून, गोळा होऊन काही महिन्यांत त्याची पकड ढिली होते. खोल, शांत पाण्यात मात्र हे वर्षानुवर्षं चालतं. जुनी सुती जाळी कुजून जायची, नायलॉन तसं जात नाही.

एक गोष्ट घरीच करून बघा. बादलीत पाणी घ्या, मूठभर मीठ विरघळवा. नायलॉनच्या जाळीचा तुकडा आणि बाजारात मिळते ती प्लॅस्टिकची रंगीत दोरी, दोन्ही पाण्याखाली नीट दाबून हवा काढा आणि सोडा. जाळी तळाला जाते, दोरी वर येते. म्हणजे किनाऱ्याला लागतात ते बहुतेक दोर आणि ट्रॉलरच्या (जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटीच्या) तरंगणाऱ्या जाळ्यांचे तुकडे. नायलॉनचं गिलनेट तळाशीच राहतं. पुळणीवरचा ढीग बघून समुद्रातला हिशेब लावायला जाऊ नका.

मच्छीमार फाटकी जाळी पाण्यातच का टाकतात? दंड का करत नाहीत? (राजारामपुरी)

काही जण टाकतात, नाकारत नाही. जहाजावरून जाळी समुद्रात टाकायला आंतरराष्ट्रीय करारानं १९८८ पासून बंदीच आहे. पण बरीचशी जाळी टाकलेली नसतात, गेलेली असतात. जाळं ही घरातली मोठी गुंतवणूक, ती कोण हौसेनं बुडवेल? लावलेल्या गिलनेटवरून ट्रॉलर जातो, खडकात जाळं अडकतं, वादळात बोया तुटते. सात देशांतल्या मच्छीमारांना विचारून केलेल्या २०२२ च्या एका अभ्यासात, जगभर वापरात असलेल्या मासेमारीच्या साधनांपैकी दरवर्षी सुमारे २ टक्के हरवतात असा अंदाज निघाला.

दंडाच्या भीतीनं माणूस गप्प बसतो, आणि जाळं कुठे गेलं हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत नसतं. नॉर्वेत हरवलेलं जाळं कळवावं लागतं. तिथलं मत्स्य खातं १९८० च्या दशकापासून दरवर्षी बोट काढून कळवलेल्या जागी तळावर लोखंडी आकडे फिरवतं आणि जाळी उचलतं. माझ्या मते आपल्याकडे पहिली गरज ह्याचीच आहे: बोलणाऱ्याला शिक्षा नाही अशी नोंदवही, आणि जाळ्यावर मालकाची खूण.

डिसेंबरात कॉलेजची वीस मुलं घेऊन मालवणला जातोय. जाळी काढायचं ठरवलंय. काय न्यावं? (गडहिंग्लज)

जाड हातमोजे, कात्र्या, पोती आणि एक स्थानिक मच्छीमार. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. वाळूत अर्धं गाडलेलं जाळं वीस जणांनी ओढू नका. भोवतीची वाळू काढा, कापा, तुकडे उचला. पोत्यांत भरलेलं कुठे न्यायचं ते आधी ग्रामपंचायतीशी बोलून ठेवा. नाहीतर ढीग पाच पावलं पुढे सरकतो एवढंच.

पाण्याखालचं काम तुमचं नाही. जाळ्यात माणूसही गुरफटतो. ते शिकलेल्या पाणबुड्यांनी जोडीनं करायचं. प्रवाळावर बसलेलं जाळं उपटलं तर प्रवाळही तुटतं, म्हणून ते कडेनं कापत सोडवतात. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, मनानं काही करू नका.

ऑलिव्ह रिडले कासव सापडलं तर? त्याला श्वास घ्यायला वर यावं लागतं, त्यामुळे जाळ्यात ते बुडून मरतं. किनाऱ्यावर जिवंत मिळालं तर सावलीत ठेवा, अंगावर ओलं फडकं टाका, नाकपुड्या मोकळ्या राहू द्या आणि वनविभागाच्या १९२६ ला फोन लावा. पायात दोरा रुतलेला असेल तर घाईनं समुद्रात सोडू नका, जखम आत चिघळते. आणि बरोबरच्या मच्छीमाराला सांगा, बहुधा त्याला माहीत असेलच: संरक्षित प्राण्याला सोडवण्यासाठी जाळं कापलं तर राज्य सरकारची २०१८ पासून कमाल २५ हजार रुपयांची भरपाई आहे. सोडवतानाचे फोटो मात्र लागतात.

ह्या नायलॉनचं सूत निघेल का? (इचलकरंजी)

हा प्रश्न इचलकरंजीतूनच यायचा! निघतं. नायलॉन-६ रासायनिक क्रियेनं मूळ कॅप्रोलॅक्टमपर्यंत, म्हणजे ज्यापासून ते बनतं त्या कच्च्या मालापर्यंत, उलगडून पुन्हा धागा करतात, युरोपात हा धंदा चालतोय. अडचण वेगळीच आहे. समुद्रातून आलेल्या गठ्ठ्यात नायलॉन, पॉलिथिलीन, शिसं, शिंपले आणि वाळू एकत्र असते. ते निवडायला माणसं लागतात, आणि गणित तिथेच फसतं. बंदरातच मालकाच्या हातून मिळालेलं जुनं जाळं कितीतरी स्वच्छ.

पंचगंगेत गळ टाकणाऱ्यांचा तुटका तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) समुद्राला जातो का? (शुक्रवार पेठ)

आपलं पाणी नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळतं आणि पुढे बंगालच्या उपसागराला. वाटेत अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर, त्यामुळे तंगूस तिथवर पोचायची शक्यता कमीच. पण त्याला समुद्र लागतो कशाला? गेल्या उन्हाळ्यात घाटाच्या खालच्या अंगाला झुडपात एक पाणकावळा लटकलेला दिसला. पंखाला तंगुसाचे चार वेढे, गळ मानेत. आम्ही दोघांनी कात्रीनं सोडवला, तोवर गेला होता. तुटका तंगूस खिशात घालून घरी न्या, बोटभर तुकडे करून कचऱ्यात टाका.