म्हापशात राहते, वय २४. हनुवटीवर राठ केस येताहेत, पाळीही लांबते. हॉर्मोनमुळे का?

बहुधा हो. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हॉर्मोनचे केसाच्या मुळाशी डीएचटी, म्हणजे त्याचे जास्त प्रभावी रूप, होते आणि मऊ लव जाड, काळ्या केसात बदलते. हनुवटी, छाती, बेंबीखालचा भाग याला जास्त संवेदनशील. हातापायांवरची लव बहुतेक आनुवंशिक. रक्तातले प्रमाण नॉर्मल असूनही केस वाढू शकतात, कारण मुळांची संवेदनशीलता प्रत्येकीची वेगळी. वस्तऱ्याने केस दाट होत नाहीत, हे नक्की.

पाळी लांबते म्हणजे पीसीओएसची (बीजांडकोशाचा हॉर्मोनशी निगडित विकार) शक्यता आधी पाहावी. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज), बांबोळीला, स्त्रीरोग ओपीडीत दाखवा. पाळीच्या २ ते ५ व्या दिवशी सकाळी या रक्तचाचण्या: टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी (ते वाहून नेणारे प्रथिन), १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन (ॲड्रिनल ग्रंथीच्या विकारासाठी), तसेच टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि प्रोलॅक्टिन (दुधाशी संबंधित हॉर्मोन). केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेत असाल तर आधी सांगा, त्याने रिपोर्ट चुकू शकतात. गर्भनिरोधक गोळ्यांनीही टेस्टोस्टेरॉन कमी दिसते.

औषधाचा फरक दिसायला किमान ६ महिने लागतात. अनेकजणी त्याआधीच सोडतात, तसे करू नका. स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हॉर्मोनचा परिणाम रोखणारी गोळी) दिल्यास गर्भधारणा टाळणे अत्यावश्यक. आधीच जाड झालेले केस गोळीने जात नाहीत, त्यांना लेसर.

काही आठवड्यांतच केस झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला तर थांबू नका, लगेच डॉक्टरकडे जा.