फ्रीहबची साफसफाई आणि वंगण

त्र्यंबकेश्वर रस्त्यावर पावसाळाभर सायकल चालवल्यानंतर मागच्या चाकाची टकटक मंदावली असेल, तर फ्रीहब, म्हणजे चाकाच्या मधल्या हबवरचा, पेडल थांबले तरी चाक फिरू देणारा भाग, साफ करण्याची वेळ आली आहे असे समजावे. पेडल मारताना क्षणभर पकड सुटत असेल, तर मात्र काम होईपर्यंत उभे राहून चढ चढू नका, कारण त्यात तोल जाऊन पडण्याचा खरा धोका असतो.

सीलबंद बेअरिंगच्या अनेक हबमध्ये कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) उतरवून आसाच्या टोकाची टोपी काढली की फ्रीहब बॉडी सरळ ओढून निघते. ती ताटावर धरून अगदी सावकाश ओढा, कारण आतले खटके (पेडल मारताना दात्यांत अडकून चाक फिरवणारे छोटे तुकडे) नखाएवढ्या स्प्रिंगवर बसलेले असतात आणि एखादी उडाली तर ती सापडणे कठीण. उघडताच मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. जुने काळे ग्रीस रॉकेलात भिजवलेल्या फडक्याने पुसा. रॉकेल बेअरिंगमध्ये जाऊ देऊ नका.

नवशिक्यांचे सर्वाधिक चुकते ते वंगणात. बेअरिंगचे घट्ट ग्रीस खटक्यांवर थापले तर ते चिकटून बसतात आणि निफाडकडच्या डिसेंबरच्या पहाटे, जेव्हा ग्रीस आणखी घट्ट होते, तेव्हा दात्यांत वेळेवर अडकतच नाहीत. म्हणून फ्रीहबसाठीचे पातळ ग्रीस किंवा जाडसर तेल, तेही अगदी पातळ थरातच लावावे. खटके बोटाने दाबून पाहा. प्रत्येक खटका चटकन वर आला पाहिजे. शेवटी कॅसेट जागेवर धरून ठेवणारी लॉकरिंग सहसा ४० न्यूटन-मीटरला आवळतात.