वाचकांचे प्रश्न : सर्रास आढळणाऱ्या रक्तगटाची गरज

प्रश्न : माझा रक्तगट ओ पॉझिटिव्ह आहे. हा गट पुष्कळ लोकांचा असल्याने रक्तपेढीत त्याचा साठा भरपूर असणार. मग माझ्या रक्तदानाने खरोखर काही फरक पडतो का?

उत्तर : आपला तर्क वरवर पाहता बिनतोड आहे, पण त्यात रुग्णांचा विचार सुटला आहे. ज्या गटाचे दाते अधिक, त्याच गटाचे रुग्णही अधिक असतात. त्यामुळे दुर्मिळ गटांची चर्चा कितीही होवो, रोज सर्वाधिक पिशव्या लागतात त्या सर्रास आढळणाऱ्या गटांच्याच. शिवाय ओ पॉझिटिव्ह तांबड्या पेशी ए, बी आणि एबी पॉझिटिव्ह रुग्णांनाही देता येतात, म्हणून इतर साठे आटले की याच पिशव्यांवर भार येतो.

आपण वापरलेला ‘साठा’ हा शब्दही थोडा फसवा आहे, कारण रक्त धान्यासारखे कोठारात भरून ठेवता येत नाही. दान केलेले रक्त यंत्रात वेगाने फिरवून त्याचे घटक वेगळे केले जातात आणि प्रत्येक घटकाची मुदत निराळी असते. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात, योग्य द्रावणात, जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात. रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, गोठवून महिनोन्‌महिने ठेवता येतो. खरी पंचाईत बिंबिकांची, म्हणजे प्लेटलेटची. त्यांना थंडी सोसत नाही. २० ते २४ अंशांत, पिशवी सतत हलती ठेवूनही, त्या साधारणपणे पाचच दिवस वापरता येतात आणि त्यातला काही वेळ तपासण्यांत जातो. कर्करोगाच्या औषधांमुळे ज्याच्या अस्थिमज्जेचे, म्हणजे हाडांतल्या रक्तपेशी घडवणाऱ्या गाभ्याचे, काम मंदावले आहे, अशा रुग्णाला आज बिंबिका हव्या असतील, तर गेल्या महिन्यात झालेल्या मोठ्या शिबिराचा त्याला काहीही उपयोग नसतो. म्हणूनच एका दिवशी हजार दात्यांनी रांग लावण्यापेक्षा तेच दाते वर्षभर विभागून आले, तर रक्तपेढीचे काम कितीतरी सुकर होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : दिलेले रक्त किती दिवसांत भरून येते?

उत्तर : प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते आणि एका वेळी त्यातले ३५० ते ४५० मिलिलिटर घेतले जाते. द्रवाची तूट एक-दोन दिवसांत भरून निघते. प्राणवायूचा पुरवठा किंचित घटल्याचे मूत्रपिंडांना कळते, त्यांच्यातून स्रवणारे संप्रेरक अस्थिमज्जेला चालना देते आणि काही आठवड्यांत तांबड्या पेशींची संख्या पूर्ववत होते. नाहीतरी तांबडी पेशी सुमारे १२० दिवसांत मोडतेच आणि तिची जागा नवी पेशी घेते. हे काम दान करणाऱ्याच्या आणि न करणाऱ्याच्याही शरीरात अखंड चालू असते. लोह मात्र सावकाश भरून येते, कारण एका पिशवीबरोबर २०० मिलिग्रॅमहून अधिक लोह शरीराबाहेर जाते. दोन दानांमधले अंतर पाळण्याचा आग्रह प्रामुख्याने त्यासाठीच असतो.

प्रश्न : ओ निगेटिव्ह रक्त कोणालाही चालते, हे खरे आहे का?

उत्तर : तांबड्या पेशींपुरते बहुतांशी खरे आहे. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्तगट दाखवून दिले, त्यामागचे तत्त्व असे की ए किंवा बी प्रतिजन, म्हणजे गटाची खूण ठरणारा रेणू, पेशींवर असतो आणि जो प्रतिजन स्वतःकडे नाही, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिने, रक्तद्रवात असतात. ओ निगेटिव्ह पेशींवर ए, बी आणि (ज्यावरून पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरते तो) आरएच-डी हे तिन्ही प्रतिजन नसल्याने, गट तपासण्याइतकाही वेळ नसलेल्या अपघातग्रस्तासाठी त्या प्रथम वापरल्या जातात. प्लाझ्माच्या बाबतीत हिशेब उलटा होतो : तिथे एबी गटाचा सर्वांना चालतो.

अपवाद १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवलेल्या ‘बॉम्बे’ गटाचा. ओ गटाच्या पेशींवर विपुल असणारा एच प्रतिजनही या व्यक्तींच्या पेशींवर नसतो, त्यामुळे ओ गटाचे रक्तसुद्धा त्यांना घातक ठरते. नेहमीच्या साध्या चाचणीत हा गट ओ म्हणूनच दिसतो. दात्याच्या पेशी रुग्णाच्या रक्तद्रवात मिसळून पाहिल्या, की मात्र गुठळ्या दिसतात. गट जुळत असतानाही पिशवी देण्यापूर्वी रक्तपेढी रुग्णाचा नमुना मागते आणि थोडा वेळ थांबवते, ते याच जुळवणी-चाचणीसाठी.