उरलेल्या पैशाचं आधी लिही

पोरी,

काल रात्री तू रडत होतीस म्हणून फोनवर जास्त बोललो नाही. आज बोलतो.

लेकराला उपचाराला परदेशी न्यायचं म्हणून तू वर्गणी काढतेस, तर व्हॉट्सॲपवर त्या माणसानं विचारलं, "पोट्टं नाही वाचलं तर पैशाचं काय करणार?" आणि तू त्याला ब्लॉक केलंस. आधी त्याला अनब्लॉक कर. उद्या नको, हे वाचून झालं की लगेच. अख्ख्या तालुक्यात कामाचा प्रश्न त्या एकट्यानं विचारला. बाकीच्यांनी जोडलेले हात पाठवले.

अभद्र आहे, कबूल. साडेतीन वर्षांचं लेकरू मुंबईला टाटात किमो घेतंय, बाप दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत उतरलाय, आणि आपण इथं बसून ते गेलं तर काय ह्याची कलमं लिहायची? लिहायची. पहिला रुपया डब्यात पडायच्या आधी लिहायची.

1996 साली मी बत्तिशीत होतो. आमच्या गावच्या एका कास्तकाराचं पोरगं जन्मल्यापासून पिवळं. गावानं कावीळ म्हणून चुन्याच्या पाण्यात हात धुवून उतरवली, झाडपाला केला. पोराची शी पांढरी होते, भिजलेल्या खडूसारखी, हे आजीला माहीत होतं. ते डॉक्टरला सांगायचं असतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. नागपूरला नेलं तोवर चार महिने उलटले होते. पित्ताची नळीच बंद होती. त्याचं ऑपरेशन जन्मापासून साधारण दोन महिन्यांत झालं तर बरं फळतं. आता यकृत बदलणं एवढंच उरलं होतं, आणि त्यासाठी डॉक्टरांनी लंडन सांगितलं. भारतात लहान मुलाचं यकृत बदलण्याचं पहिलं यशस्वी ऑपरेशन 1998 साली दिल्लीत झालं, ह्याच आजाराच्या पोरावर. दोन वर्षं. ती मी अजून मोजतो.

पोळ्यापासून आम्ही डबा फिरवला. तान्ह्या पोळ्याला पोट्ट्यांनी लाकडी बैल घरोघर नेऊन मिळवलेला बोजारा जसाच्या तसा आणून दिला. पुढं कापसाचे चुकारे सुरू झाले तेव्हा मी रोज शाळा सुटली की संकलन केंद्रावर जाऊन बसायचो. तिथं वेचणाऱ्या एका बाईनं पदराच्या गाठीतून अकरा रुपये काढले. नाव विचारलं तर म्हणाली, "नावाचं काय करता गुरुजी, पोट्ट्याले न्या." वहीत तशीच नोंद आहे: वेचणारी बाई, अकरा रुपये. ती वही माझ्या कपाटात आहे.

पोरगं संक्रांतीच्या आधी गेलं. खात्यात 3 लाख 17 हजार होते.

तेरवी झाली आणि गावाला कंठ फुटला. कोणी म्हणे मंदिराला सभामंडप बांधा. कोणी म्हणे ज्याचे त्याला परत द्या. अकरा रुपयेवाली बाई कुठं शोधू? आणि बाप एका संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसला. नागपूरच्या खेपांसाठी त्यानं सावकाराचे चाळीस हजार काढले होते. तेवढेच मागितले. वर न पाहता, चपलेचा अंगठा कुरतडत. मी नाही म्हणालो. खातं आम्हा दोघांच्या नावावर, पैसे काढायला माझी सही लागायची. मी केली नाही.

तुझी काकू आजही म्हणते, तुम्ही चुकलात. मला तसं वाटत नाही. लोकांनी पैसा उपचाराला दिला होता, कर्ज फेडायला नाही. चाळीस हजार दिले असते तर उद्या दुसरा कोणी उभा राहिला असता, आणि त्या अकरा रुपयांना मी काय तोंड दाखवलं असतं? हो, ते कर्जही उपचाराचंच होतं. तीस वर्षं हेच मी घोळवतोय. पण एक वाक्य आधी लिहिलेलं असतं, "उपचारासाठी झालेलं आधीचं कर्ज निधीतून फेडलं जाईल", तर त्याला मागावं लागलं नसतं आणि मला नाकारावं लागलं नसतं. त्यानं दोन एकर विकले, पुढं गाव सोडलं. पैसा सहा वर्षं पडून राहिला. शेवटी दुसऱ्या गावच्या एका मुलीच्या हृदयाच्या ऑपरेशनला दिला. तेव्हाही लोक म्हणालेच, गुरुजीनं व्याज खाल्लं. पासबुकाची नक्कल मी चावडीवर लावली होती. कोणी थांबून वाचली नाही.

म्हणून म्हणतो, लिही. आणि फक्त मरणाचं नाही. पैसा उरायला मरणच लागतं असं थोडंच आहे!

ह्या पोराच्या कॅन्सरवरची ती दोन औषधं, डायनुटुक्सिमॅबला अमेरिकेत 2015 साली मान्यता मिळाली, नॅक्सिटॅमॅबला 2020 साली, हे तू घडाघडा म्हणालीस. बार्सिलोनाच्या दवाखान्याचं एस्टिमेटही आलंय. पण टाटाचे डॉक्टर काय म्हणाले विचारलं तर गप्प. अगं, ते दुसरं औषध आजार उलटलेल्या किंवा हाडांत, अस्थिमज्जेत चिवटपणे राहिलेल्या पोरांसाठी आहे. किमोनं गाठ किती दबली हे कळल्याशिवाय कोणतं औषध लागू पडेल तेच ठरत नाही. उद्या डॉक्टर म्हणाले, जायची गरज नाही, तर? म्हणाले, औषध इथंच मागवून देऊ, तर? पोरगं प्रवास सोसणार नाही म्हणाले तर? लक्ष्याच्या निम्मेच जमले तर? प्रत्येक वेळी पैसा उरतो. प्रत्येक वेळी कोणीतरी कोणाच्या तरी ओसरीवर येऊन बसतो. डॉक्टरांचं मत आधी लेखी घे, ते पोस्टरच्या आधी.

बापाच्या खात्यात पैसा घेऊ नको. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात 50 हजारांच्या वर आलं की आयकरात ते त्याचं उत्पन्न धरतात. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेमार्फत आलं तर नाही. देणाऱ्याला करसवलतीची पावतीही संस्थाच देऊ शकते. गणपती मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून 41-क ची परवानगी काढतात. आपल्याला ती लागते का ते डबा फिरवण्याआधी त्याच ऑफिसात विचार. तू ई-सेवा केंद्र चालवतेस, फॉर्म तुला मी काय शिकवू?

बाहेर पैसे पाठवायला एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. उपचारासाठी दवाखान्याचं एस्टिमेट दाखवलं तर बँक त्याच्यावरही पाठवते. दहा लाखांच्या पुढं बँक टीसीएस म्हणून आगाऊ कर कापते, तो विवरणपत्र भरून परत मिळतो, पण तोवर अडकतो. तेही लक्ष्यात धर. एस्टिमेट युरोत आहे आणि पोस्टरवर तू रुपये छापलेस. दर हलला की लोक म्हणतील आकडा वाढवला. युरो लिही, खाली तारीख टाकून रुपये.

आणि दवाखाना आगाऊ रक्कम घेईल. त्यातून उरलं तर परत करेल. कोणाच्या खात्यात? बघ, पुन्हा तिथंच आलो. हेही लिही.

नळ्या लावलेला तो फोटो काढून टाक. उद्या त्याला शाळेत जायचंय. दिवाळीतला टोपीवाला फोटो लाव. गावातला डबा सोयाबीन निघाल्यावरच फिरव, आत्ता कोणाच्या खिशात काही नाही आणि नाही म्हणायला लोकांना लाज वाटते. तोवर बाहेरगावच्या मंडळींकडून घे.

आता ते वाक्य. मी असं केलंय, तू नीट कर: "कोणत्याही कारणानं परदेशी उपचार झाला नाही किंवा रक्कम उरली, तर आधी मुलाच्या इथल्या उपचाराचा खर्च आणि त्यासाठी झालेलं कर्ज फेडलं जाईल, उरेल ते विदर्भातल्या दुसऱ्या कर्करुग्ण मुलाला, संस्थेमार्फत, जाहीर करून." कर्जाचा शब्द खोडू नको. कोणी हरकत घेतली तर माझ्याकडे पाठव.

छापायच्या आधी हे पोराच्या आईबापाला वाचून दाखवावं लागेल आणि त्यांची सही घ्यावी लागेल. बापाला मी फोन करतो. आई पुढच्या आठवड्यात कागदांसाठी गावी येतेय म्हणालीस. तेव्हा मला घेऊन चल. तू बाजूला बसून राहा, वाचायचं काम माझं.