वाचक विचारतात : सुमात्रा गेंडा

प्रश्न : सुमात्रा गेंडे प्राणिसंग्रहालयांत चाऱ्यामुळे दगावले, हे खरं का?

उत्तर : बऱ्याच अंशी. १९८४ ते १९९६ दरम्यान रानातून सुमारे ४० गेंडे पकडले. त्यांतले ७ अमेरिकेत गेले. तिथे त्यांच्यापुढे वाळलं गवत आणि लसूणघास पडला. पण हा चरणारा प्राणी नाही, डहाळ्या ओरबाडणारा आहे. सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयातला इपुह हा नर तर मरणाच्या दारात होता. वड-उंबराच्या कुळातला ताजा पाला कॅलिफोर्नियाहून विमानाने आणला, तेव्हा तो सावरला. खर्चिक, पण दुसरा इलाजच नव्हता.

डोक्यावर दाट सावली हवी, नाहीतर उन्हाने डोळे बिघडतात. लोळायला चिखल हवाच. तो नसला की कातडी भेगाळते.

तिथल्याच एमी मादीचे गर्भ वारंवार पडत होते. प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारं संप्रेरक दिल्यावर १३ सप्टेंबर २००१ला अंदालास जन्मला. त्याआधीचं बंदिवासातलं पिल्लू १८८९चं, आपल्या कोलकात्यातलं!

मात्र २००९मध्ये एमी गेली ती शरीरात लोह साचल्याने. पाला खाणाऱ्या काळ्या गेंड्यालाही बंदिवासात हाच धोका असतो. त्यामुळे पूरक खाद्य निवडताना त्यातलं लोह आधी पाहावं आणि रक्तातल्या लोहावर नियमित लक्ष ठेवावं.