आजोबांची बोडी (धानाच्या पाण्याचं छोटं तळं) बेशरमाच्या झुडपांनी भरली आहे. तिचं शेततळं करू, की जुनी बोडीच पुन्हा उभी करू?

तुमची बोडी भंडारा जिल्ह्यात, शेतातच, आणि शेजारी म्हणतात जेसीबी लावून शेततळं करून टाका. मी गोंदियाकडचा. आमचीही अशीच बुजली होती आणि आधी मीही शेजाऱ्यांचंच ऐकलं होतं.

मशीनवाल्याला नुसतं 'खोल कर' म्हटलं की तो विहिरीसारख्या उभ्या कडांचा चौकोन काढून देतो. आमच्याकडे तेच झालं. पाणी राहिलं, पण दोन वर्षं त्यात ना गवत, ना बगळा. वर तळाचा चिकट थर फोडून फावडं मुरमात गेलेलं, त्यामुळे कार्तिकातच पाणी उतरायला लागलं. तिसऱ्या उन्हाळ्यात कडा पुन्हा उतरत्या केल्या, तेव्हा कुठे देवधान, म्हणजे पाण्यातला रानटी भात, उगवलं. बोडीचा जीव कडेला असतो, गुडघाभर पाण्यात. मधला खोलगट भाग लहानच ठेवा. गाळ फक्त काळा, भुसभुशीत लागतो तोवरच काढा आणि बांध्यांत, म्हणजे धानाच्या वाफ्यांत, टाका, खताचे पैसे वाचतात.

प्लास्टिकचं अस्तर नको म्हणजे नकोच. फळबागेला पाणी साठवायचं तर ते ठीक आहे, पण त्यात मूळ धरणार कुठे?

बेशरम ढोरं खात नाहीत, त्याला विष असतं. तळ सुकला की कुदळीने मुळासकट काढा. तोडून ओल्या कडेला ढीग लावला तर प्रत्येक तुकडा फुटतो (आमचा अख्खा ढीग फुटला होता). बाहेर, उन्हात वाळवा. पुढची दोन-तीन वर्षं कोंब उपटावे लागतील.

नंतर पाण्यातली झाडं. जवळच्या जुन्या तलावातून हायड्रिला, कुमुदिनीचे कंद, थोडं कमळ मागून आणा. मासे सोडायचे तर ढीवरांपैकी, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांपैकी, एखाद्या जाणत्याला विचारा, मरळ-सिंगी कुठून येते ते त्यांना ठाऊक असतं. ग्रासकार्प मात्र कुणी फुकट दिला तरी सोडू नका. लावलेलं सगळं तोच खाऊन टाकतो.

कायद्याचं विचारलंत. पाणथळ जागा जपण्यासाठीच्या २०१७च्या नियमांतून भातशेती आणि सिंचनासाठी खास बांधलेले जलसाठे वगळले आहेत. म्हणजे धानाच्या पाण्यासाठी बांधलेल्या बोडीला त्या नियमांची आडकाठी नाही, पण त्यांचा आधारही नाही. उद्या तुमच्या मुलाने बुजवली तरी त्या नियमांखाली कुणी विचारणार नाही. सातबाऱ्यावर तिची नोंद कशी आहे ते मात्र तलाठ्याकडे आधी बघून घ्या. भावकीतला वाटा तिथेच निघतो.

सारस येईल का? आमच्या जिल्ह्यात तो धानाच्या बांधीतही घरटं करतो, पण माझ्या बोडीवर अजून केलेलं नाही. टिबुकल्या (पाण्यात बुड्या मारणारे छोटे पक्षी) आल्या, जांभळी पाणकोंबडी आली. सारसाने घरटं केलंच तर महिनाभर अंडी उबवतो, तेवढे दिवस शेजारच्या बांधीत कुत्रं आणि फवारणी नको.

आणि सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर काढायची वाट. पाळ (बोडीचा मातीचा बांध) बांधाल, पण सांडवा अरुंद राहिला तर एका रात्रीच्या पावसात बोडी फुटते आणि खालच्याची रोवणी वाहून जाते. वरून किती शेतांचं पाणी तुमच्या बोडीत उतरतं ते कळवा, मग सांडवा किती रुंद ठेवायचा ते बोलू.